अमेरिकेतले बुवा आणि खोडदच्या बाई

अमेरिकेतले ते बुवा माझ्या डोळ्यांसमोर येतात ते धोतरात. अंगात कोपरी, डोक्याला मुंडासं, आणि चाललेत आपले खोडदच्या नदीकाठानं. खरे बुवा गोरे, उंच, निळ्या डोळ्यांचे होते, गळ्याशी रेशमी रुमाल बांधायचे. हे सगळं मी माझ्या हातानं टाइप केलंय. पण इलाज नाही. बाईंनी मला ते सांगितलेच असे, की त्यांच्या अंगावर दुसरे कपडे चढतच नाहीत.

बाई म्हणजे जुन्नरला मुलींच्या शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या बाई. राहायच्या खोडदला, भावकीच्या वस्तीपासून जरा लांब, शेतातल्या दोन खोल्यांत. नव्वदचं दशक संपत आलं होतं. नारायणगावात स्टँडजवळ आमचं डीटीपीचं दुकान नवीनच निघालं होतं. लग्नपत्रिका, द्राक्षांच्या पेट्यांवरची लेबलं, तमाशाच्या फडांची पोस्टरं असलं आमचं काम. बाहेरचं हे बघायचे, कॉम्प्युटर माझ्याकडे. एका दुपारी लाइट गेलेली, मी वहीनं वारा घेत बसलेली, आणि बाई आत आल्या. पांढरं सुती पातळ, खांद्याला शबनम, पायात चक्क पुरुषी चपला.

"एक चरित्र टाइप करायचंय."

"कुणाचं?"

"एका बुवांचं."

मला वाटलं असतील कुणी आळंदीकडचे. म्हटलं, "कुठल्या गावचे बुवा?"

"अमेरिकेचे."

माझ्या सासूबाई मागं लसूण सोलत होत्या. त्यांचा हात थांबला. "आँ? तिकडं बी बुवा असत्यात?"

"तिकडं तर फार असतात," बाई गंभीरपणे म्हणाल्या. "इथं देव जागोजाग आहेत. तिथं माणसांना ते नव्यानं शोधावे लागले."

त्या दिवसापासून बाजाराच्या दिवशी बाई यायला लागल्या. खोडदहून जीपनं यायच्या, पिशवीत आधी कागद, मग मेथी. पुढची काही वर्षं मी बुवांना टाइप करत होते. माझी धाकटी त्या काळात जन्मली, चालायला लागली, शाळेत गेली, आणि बुवा अजून टेकडीवरच होते.

गोष्ट अशी होती. अमेरिकेतल्या एका खेड्यात गरीब शेतकऱ्याचा मुलगा. जमीन खडकाळ, घराचं बिऱ्हाड सारखं हलतं, बाप गुप्तधनाच्या नादाला लागलेला. पोरगा एक गुळगुळीत दगड टोपीत ठेवायचा, टोपीत तोंड खुपसायचा आणि जमिनीखाली काय पुरलंय ते सांगायचा. कुदळी घेऊन लोक त्याच्या मागं जायचे. त्याच्याही आधी, कोवळ्या वयात, झाडांच्या राईत त्याला म्हणे उजेड दिसला होता. मग देवदूत आला. त्यानं टेकडीत पुरलेल्या सोन्याच्या पत्र्यांची जागा सांगितली. त्या पत्र्यांवरची कुणाला न येणारी लिपी ह्यानं दगडात बघून वाचली, दुसऱ्यांनी उतरून घेतली, आणि त्या पोथीवर एक नवा पंथ उभा राहिला. बुवा गावोगावहून हाकलले गेले. जातील तिथं त्यांनी वस्ती उभी केली. आणखी बायका केल्या, पहिलीपासून लपवून. शेवटी तुरुंगावर जमाव चालून आला आणि गोळ्या लागून बुवा खिडकीतून खाली पडले. त्यांची माणसं मग वाळवंट तुडवत एका खाऱ्या तळ्याकाठी जाऊन राहिली.

हे बाई सांगायच्या ते सगळं इथलं करून. पत्रे पुरलेली टेकडी म्हणजे नारायणगड. उजेड दिसला ती राई म्हणजे त्यांच्या विहिरीमागची आंब्याची झाडं. कधी त्यांच्या घरी गेले की मला बोटानं दाखवायच्या, "तिथं, त्या तिसऱ्या झाडाखाली बुवा गुडघे टेकून बसले असणार." मी तिकडं बघायचे आणि ऊन पानांतून हलताना मला खरंच तिथं कुणीतरी बसल्यासारखं वाटायचं. पलीकडं मोठ्या रेडिओ दुर्बिणीच्या तबकड्या आभाळाकडं तोंड करून उभ्या असायच्या. मधूनच त्या हळूहळू एका बाजूला वळायच्या, सगळ्या एकदम, काही आवाज न करता. कडब्याच्या गंजीवर बसलेले बगळेसुद्धा उडायचे नाहीत.

"ह्यांचं बरं आहे," बाई तबकड्यांकडं बघून म्हणायच्या. "काही ऐकू आलं तर कागदावर उमटतं. आमच्या बुवांना ऐकू आलं ते त्यांनी सांगितलं म्हणून."

बाईंची दोन वाक्यं ठरलेली. पहिलं, "पुरावा?" दूधवाला म्हणाला, बाई पाणी नाय घातलं, की "पुरावा?" ड्रायव्हर म्हणाला, ह्या सीटवर अजून एक माणूस बसतं, की "पुरावा?" दुसरं वाक्य, "शक्य आहे." कुणी म्हणालं अमक्याच्या शेतात नाग माणसासारखा बोलला, सगळे हसले, की बाई न हसता म्हणायच्या, "शक्य आहे. काय बोलला?" ह्या दोन वाक्यांच्या मधे त्या आयुष्यभर ये-जा करत राहिल्या. त्यांच्या घरात दोन लाकडी कपाटं होती. एकात बुवांची भक्तिभावानं लिहिलेली पुस्तकं, दुसऱ्यात बुवांना भोंदू ठरवणारी. दोन्ही कपाटांच्या बरोबर मधे खुर्ची टाकून बाई लिहायला बसायच्या.

बुवांच्या पहिल्या बायकोला बाई 'माई' म्हणायच्या. माईची बाजू घेऊन त्या बुवांशी मोठ्यानं भांडायच्या. मी टाइप करत असताना मागून एकदम आवाज यायचा, "तिला सांगायला काय झालं होतं हो?" मी दचकून वळायचे. बाई खिडकीबाहेर बघत असायच्या.

माईच्या एका गोष्टीनं त्यांना पछाडलं होतं. ते सोन्याचे पत्रे म्हणे घरात टेबलावरच असायचे, फडक्यात गुंडाळलेले. माई टेबल पुसताना ते उचलून बाजूला ठेवायची. फडक्यावरून बोट फिरवलं की कडा वाजायच्या, पुस्तकाची पानं वाजावीत तशा. पण फडकं तिनं कधी उघडून बघितलं नाही.

"का नाही बघितलं?" बाई विचारायच्या. "बाईमाणूस आहे, घर तिचं आहे, टेबल तिचं आहे. का नाही?"

एकदा त्यांच्या घरी गेले तर टेबलावर लाल फडक्यात काहीतरी जड गुंडाळून ठेवलेलं. बाई म्हणाल्या, "ह्याला हात लाव हवं तर. उघडून बघू नकोस," आणि निघून गेल्या विहिरीवर. मी बसून राहिले. फडक्यावरून हात फिरवला. काहीतरी कडांचं होतं. पुष्कळ वेळानं बाई आल्या.

"बघितलंस?"

"नाही."

"दूधवाल्यानं बघितलं. तुझ्या सासूनं माझी पाठ वळते न वळते तोच बघितलं. शाळेच्या हेडबाईंनी बघितलं आणि बघितलं नाही म्हणाल्या. तू का नाही?"

"तुम्ही नको म्हणालात म्हणून."

"एवढंच?"

मी विचार केला. म्हटलं, "आणि बघितल्यावर ते नुसतं काहीतरी झालं असतं."

बाई माझ्याकडं बघत राहिल्या. मग आत जाऊन लिहायला बसल्या, चहाचं विसरूनच गेल्या. त्या फडक्याखाली काय होतं हे मला आजही ठाऊक नाही. सासूबाईंनी सांगायला तोंड उघडलं होतं, मी कान झाकून घेतले.

बेल्ह्याच्या बैलबाजारालाही त्या जायच्या, ते व्यापारी रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवतात ते बघायला. बैलांच्या गर्दीत पांढरं पातळ नेसलेली ही बाई दोन व्यापाऱ्यांच्या हातांवरच्या रुमालाकडं टक लावून उभी. एक दलाल वैतागून म्हणाला, "बाई, बैल घ्यायचा का तुमाला?"

"नाही. झाकलेलं असताना माणसाच्या तोंडावर काय दिसतं ते बघतेय."

"मग आमच्या तोंडाकं बघा की, हाताकं काय बघताय?"

"शक्य आहे," बाई म्हणाल्या, आणि तेव्हापासून त्या तोंडांकडं बघायला लागल्या.

हे सगळं कशासाठी, ते मला सासूबाईंनी सांगितलं. बाईंचा थोरला भाऊ धरणाच्या पाण्याचं शिक्षण घ्यायला अमेरिकेत गेला होता, नेमका त्या खाऱ्या तळ्याच्या मुलखात. "गेला तो गेलाच बघ. तिथं त्या बुवाच्या पंथात शिरला, तिथलीच बायको केली. बापानं नदीवर जाऊन जित्या पोराच्या नावानं आंघूळ केली. आन हिची स्थळं मोडली. भाऊ किरिस्ताव झाला म्हनत व्हते लोक. दिसाया कशी व्हती तवा! लई देखनी."

बाईंनी स्वतः हे कधी काढलं नाही. फक्त एकदा, मी विचारलं होतं की जगात एवढे बुवा असताना हेच का, तेव्हा म्हणाल्या, "माझा दादा मूर्ख नव्हता. मला अपूर्णांक त्यानं शिकवले, भाकरीचे तुकडे करून. असला माणूस टोपीतल्या दगडापायी घर सोडून गेला. तो दगड काय होता ते मला बघायचंय."

भाऊ त्यांना बोटीनं पुस्तकं पाठवायचा, कधीतरी फोन करायचा. बहिणीच्या मनात श्रद्धा जागी होतेय अशी त्याची समजूत. बहीण आपली पुरावे जमवत होती.

बुवांचं गुप्तधन शोधण्याचं प्रकरण काही केल्या पुरं होईना. बाई म्हणाल्या, त्या पोराला टोपीत बघताना काय वाटत होतं ते कुणीतरी सांगायला हवं. आपल्याकडं पायाकडून जन्मलेल्या मुलाला पायाळू म्हणतात आणि त्याला जमिनीतलं धन दिसतं असं मानतात. तर आंबेगावच्या पश्चिमेला, डिंभ्याच्या पाण्याच्या वर एका वाडीत असा एक म्हातारा आहे, असं बाईंना कळलं. मला म्हणाल्या, "चल." दिवाळी होऊन गेली होती. मंचरहून एसटीनं गेलो, पुढं पायवाट. खाली धरणाचं पाणी इतकं शांत, की डोंगर खालीही होते आणि वरही. भाताची झोडणी चालली होती. म्हातारा खळ्याच्या कडेला बसला होता, अंगावर घोंगडी, डोळे पाणावलेले.

बाईंनी सरळच विचारलं. म्हातारा हसला.

"बारीक असताना न्ह्यायचे मला, खांद्यावर बसवून. अंजन घालायचे डोळ्यांत. म्हनायचे, दिसतंय का? समदे माज्या तोंडाकं बघायचे. माजा बाप बी. मंग मी म्हनायचो, दिसतंय."

"दिसत होतं का?"

"न्हाई."

बाईंनी माझ्याकडं बघितलं. म्हणजे मिळालं होतं त्यांना हवं ते. त्या उठायला लागल्या.

"पर एकदा दिसलं," म्हातारा म्हणाला.

बाई परत बसल्या.

"मोठा झाल्यावर. ढोरं घेऊन गेल्तो. दुपारचा येकलाच. त्या तिथं, आता पान्यात हाय ती जागा. भुईतून उजेड आला वर. पिवळा. मी हात बी घातला त्याच्यात. ऊन ऊन लागला."

"मग कुणाला सांगितलं?"

"कुनाला सांगनार? तवा कुनी इचारलंच न्हाई."

"तुम्हाला भास झाला असेल."

"आसंल की," म्हातारा सहज म्हणाला, आणि पाण्याकडं बघायला लागला. आम्हीही बघितलं. त्याच्या सुनेनं वरीचा भात वाढला, तो खाल्ला. परतीच्या एसटीत बाई खिडकीला टेकून बसल्या होत्या. मंचर आल्यावर म्हणाल्या, "आधी खोटं बोलला म्हणून नंतरचं खोटं ठरतं का गं?" उत्तर त्यांनाच ठरवता आलं नसावं, कारण ते प्रकरण त्यांनी त्यानंतर कितीदा तरी बदललं.

तरी शेवटच्या प्रकरणात त्यांनी निकाल दिलाच. बुवा खिडकीतून पडतात त्यापुढं काही पानं. हा माणूस जाणूनबुजून लबाड होता, असं पुराव्यानिशी, मुद्देसूद, शाळेच्या फळ्यावर लिहावं तसं. ज्या दुपारी मी बुवांचं मरण टाइप केलं त्या दुपारी मला रडू आलं होतं. इतकी वर्षं रोजचा माणूस. त्यानंतर लगेच तो निकाल टाइप करणं जिवावर आलं. मी बाईंना तसं म्हटलं. त्या म्हणाल्या, "चरित्रकारानं रडून चालत नाही." पण चष्मा पुसायला त्यांना बराच वेळ लागला.

आणि छपाईला जायच्या तोंडावर भाऊ आला.

इतक्या वर्षांनी पहिल्यांदा. द्राक्षांचा हंगाम होता. भाऊ उंच, वाकलेला, पांढरा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं. बरोबर बायको, पांढऱ्या केसांची, पंजाबी ड्रेसमध्ये, येणाऱ्याजाणाऱ्याला हात जोडणारी. मी शेवटची प्रुफं घेऊन गेले तर बाई ओसरीवर उभ्या, आणि मला त्यांचा आवाज ओळखू येईना. शाळेतली ती स्वच्छ, धुतलेली भाषा गेली होती. "दादा, हितं बस. तितं ऊन व्हतं मगाशी," असं काहीतरी म्हणत होत्या. आणि भाऊ बोलत होता ते माझ्या आजेसासऱ्यांसारखं. इथून जाताना जी बोली घेऊन गेला होता ती त्यानं तिथं कुणाशी वापरलीच नव्हती. ती तशीच्या तशी राहिली होती.

प्रुफं बाईंनी त्याच्या हातात दिली. "वाच. खोटं सापडलं तर दाखव."

तो बाजेवर बसून वाचायचा, ओळीखाली बोट धरून, ओठ हलवत. मराठी वाचायची सवय गेली होती. सकाळी झाडाच्या सावलीत, दुपारी ओसरीवर, बाज सावलीबरोबर हलायची. बायको शेजारी वाटाण्याच्या शेंगा सोलायची, काही न विचारता. बाई आतबाहेर करायच्या, भाजी चिरायच्या, चिरलेलीच परत चिरायच्या. चुका दुरुस्त करायला मला बोलावलं होतं, म्हणून त्यानं शेवटचं पान खाली ठेवलं तेव्हा मी तिथंच होते.

"काय सापडलं?" बाईंनी विचारलं.

"खोटं न्हाई सापडलं," तो म्हणाला. "लई मेहनत केलीस, बाय. मलाबी ठाव नव्हतं त्यातलं कितीतरी. माईचं वाचून झोप न्हाई लागली मला."

"मग?"

"शेवटाला लबाड म्हनलीस."

"पुरावे दिलेत."

"दिल्यात." त्यानं पानं नीट जुळवून बाजेवर ठेवली. "तिथं गेलो तवा पहिल्या हिवाळ्यात मी दारूला लागलो व्हतो. ठाव हाय तुला? कोनी बोलाया नव्हतं. थंडी अशी, की श्वास गोठायचा. एकदा बर्फात पडलो तो पडलोच. येका म्हाताऱ्यानं उचलून घरी न्हेलं. त्याच्या म्हातारीनं पाय चोळले माजे. म्हैनाभर ठेवून घेतलं. ती ह्या पंथाची मानसं. मला काय दगड न्हाई दिसला, टोपी न्हाई दिसली. मला ती दोघं दिसली."

बाई दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या.

"येवढी पुस्तकं वाचलीस," भाऊ म्हणाला, "मला इचारायचं व्हतंस की गं."

शेंगा सोलण्याचा आवाज थांबला. त्याच्या बायकोला शब्द कळत नव्हते, पण काहीतरी चाललंय हे कळत होतं.

मग तो म्हणाला, "आता मी इचारतो येक. बाबा गेले तवा तू पुण्याला जाऊन मला फोन लावला व्हता. म्हनलीस, जाताना तुजं नाव घेतलं. ते खरं का?"

बाईंनी माझ्याकडं बघितलं, जणू मी सांगणार होते. मग त्याच्याकडं बघितलं. आयुष्यभर लोकांना पुरावा मागणारी ती बाई.

"नाही," त्या म्हणाल्या.

"न्हाई?"

"चुलत्यांनी विचारलं, थोरल्याला कळवायचं का. बाबांनी भिंतीकडं तोंड केलं. बोलले नाहीत काही."

भावानं चष्मा काढला. हातातल्या हातात फिरवत बसला. "तुजा फोन आला तवा मी रस्त्यात उभा राहून रडलो व्हतो, बाय. आनंदानं. हिला सांगितलं, बापानं मला बलावलं शेवटाला. त्या येका वाक्यावर मी माजी पोरं वाढवली. त्यांना आज्याचं नाव सांगितलं, गाव सांगितलं." तो थांबला. त्याच्या आवाजात राग नव्हता, खरंच विचारत होता. "मंग आता मी काय म्हनू? माजी भन लबाड हाय म्हनू का?"

बाई आत गेल्या. तो उठून शेताच्या बांधावर जाऊन उभा राहिला. पलीकडं तबकड्या हळूहळू वळत होत्या, त्यांच्याकडं तो बघत राहिला. त्याची बायको त्याच्याजवळ गेली नाही. तिनं शेंगांचं टोपलं माझ्याकडं सरकवलं आणि आम्ही दोघी सोलत बसलो.

पुढच्या बाजाराच्या दिवसाची वाट न बघता बाई दुकानात आल्या. बसल्या नाहीत. "शेवटचं प्रकरण काढून टाक," म्हणाल्या.

"सगळं?"

"बुवा खाली पडतात तिथं थांब."

"मग तिथं काय घालू? एवढी पानं रिकामी..."

"काही घालू नकोस."

मी कॉम्प्युटरवर ती पानं काढली. कशी जातात ते बघायला बाई माझ्या खुर्चीमागं उभ्या होत्या. सगळं गेल्यावर म्हणाल्या, "बुवांनी माईला फसवलं ते ठेवलंयस ना?"

"ठेवलंय."

"ते राहू दे. ते तसंच राहू दे," त्या म्हणाल्या, आणि गेल्या.

पुस्तक छापलं गेलं. आमच्या भागात कुणी विकत घेतल्याचं मला आठवत नाही. बाईंनी ते शाळांच्या वाचनालयांना दिलं, दूधवाल्याला दिलं, दुर्बिणीवरच्या एका साहेबांना दिलं, आंबेगावच्या त्या वाडीत कुणी वाचणारं असेल म्हणून तिकडंही धाडलं. पुण्याच्या एका प्राध्यापकांनी त्यांना म्हटलं होतं म्हणे, की लेखिकेचं मत काय ते शेवटपर्यंत समजत नाही. बाई म्हणाल्या, "शक्य आहे." दुसरं चरित्र त्यांनी लिहिलं नाही. संध्याकाळी विहिरीमागच्या राईत बसायच्या, एकट्या. काय करता म्हणून विचारलं तर म्हणायच्या, "काही नाही. बुवा आता भांडत नाहीत." काही वर्षांनी झोपेतच गेल्या. मी पोचले तेव्हा दोन्ही कपाटं उघडी होती आणि भावकीतला एक पुतण्या पुस्तकं एकाच पोत्यात भरत होता.

पण त्याआधी, भाऊ परत गेला त्या सकाळी मी तिथं होते, पुस्तकाच्या मुखपृष्ठाचा नमुना दाखवायला गेले होते. जीप येऊन दारात उभी. सामान चढलं. त्या बोलण्यानंतर भाऊ-बहीण नेहमीसारखं जेवतखात होते, पण एकमेकांच्या समोर बसत नव्हते. निघायच्या आधी भाऊ ओसरीवर परत आला.

"बाय, आमच्यात जाताना आशीर्वाद देत्यात. डोक्यावर हात ठेवून. तुला चालंल का? तुजा इश्वास न्हाई त्याच्यावर, ठाव हाय मला."

बाईंनी काही क्षण त्याच्याकडं बघितलं. मग आतून पाट आणला, ओसरीवर मांडला, चष्मा काढून माझ्या हातात दिला आणि बसल्या. पदर सारखा केला. त्यांचे केस मी तेव्हा पहिल्यांदा नीट बघितले, विरळ, पांढरे, मधोमध भांग. भावानं दोन्ही हात त्यांच्या डोक्यावर ठेवले. त्याची बायको ओसरीखाली मातीत गुडघ्यांवर बसली.

तो इंग्रजीत सुरू झाला. रोजचं पाठ असल्यासारखं, सरसर. दोन-चार वाक्यं झाली आणि थांबला. मग मराठीत बोलायला लागला. इतकी वर्षं त्यानं आपल्या देवाशी मराठीत बोलून बघितलंच नसावं, कारण प्रत्येक शब्द त्याला शोधावा लागत होता.

"देवा. ही माजी भन हाय. हिचं... हिचं लगीन न्हाई झालं माज्यापायी. हिनं लई वाचलंय. हिचे डोळे शाबूत ठेव. हिनं माज्यासाठी... जे केलं ते तुला ठाव हाय. ते हिच्या नावावर चांगलं म्हनून लिही. आन आता म्हातारपनी येकटी ऱ्हाती ही, तर हिची..."

तो अडला. शब्द येईना. ओठ हलले, परत हलले. जीपवाला बिडी विझवून बघत राहिला.

"राखण," बाई डोळे मिटूनच म्हणाल्या.

"हा," भाऊ म्हणाला. "हिची राखन कर."

जीपवाल्यानं हॉर्न वाजवला. दोघांतलं कुणीच हललं नाही.